मीम म्हणजे नक्की काय? एका शब्दाची हकिगत

मागच्या गणेशोत्सवाआधी मंडळाच्या आरतीच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायचं ठरलं आणि मुद्रितशोधनाचं काम माझ्या गळ्यात पडलं. जुनी पुस्तिका इथे वाढलेल्या मुलांसाठी रोमन लिपीत छापलेली. तिच्यात गणपतीच्या आरतीतल्या 'फणिवर' या शब्दाचा सरळ 'फळीवर' झाला होता. फणिवर म्हणजे नागराज. गणपतीच्या कमरेला त्याचा पट्टा आहे. मी लाल पेनने दुरुस्ती केली आणि कमिटीच्या बैठकीत एकच गलका झाला. एक काकू म्हणाल्या, "अहो, आम्ही डोंबिवलीला लहानपणापासून असंच म्हणतोय." नागपूरचे एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडेही असंच. बेळगावच्या वहिनींनीही मान डोलावली. माझी बारा वर्षांची नात कोपऱ्यात बसली होती. तिला चूक कुठे आहे तेच कळेना. "पण आजोबा, आपला गणपती फळीवरच तर आहे!" आमच्या मँचेस्टरच्या घरात तो खरोखरच फळीवर आहे, पुस्तकांच्या शेजारी. सगळे हसले. मग ती म्हणाली, "मग हे मीमच झालं की!"

तिच्या मनात फोनवर फिरणारी चित्रं होती. पण मी पस्तीस वर्षं इथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं आहे आणि त्या शब्दाच्या जन्मापासूनची भानगड थोडीफार जवळून पाहिली आहे. एखादं शास्त्र मोठ्या उत्साहात सुरू व्हावं आणि आपल्याच मुख्य शब्दाचा अर्थ न ठरल्यामुळे अडून बसावं, अशी ती हकिगत आहे. आपण परदेशात राहणारी माणसं उठताबसता 'संस्कृती पुढच्या पिढीकडे सोपवणं' असं म्हणत असतो. तेव्हा नेमकं काय सोपवलं जातं हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. म्हणून हा प्रपंच.

शब्द जन्मला १९७६ साली. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांचं 'द सेल्फिश जीन' त्या वर्षी आलं. सगळं पुस्तक जनुकांवर आहे, पण शेवटच्या प्रकरणात त्यांनी एक नवा विचार मांडला. ज्याच्या प्रती निघतात, त्या प्रतींत अधूनमधून चुका होतात, आणि काही प्रती इतरांपेक्षा जास्त टिकतात, अशा कोणत्याही गोष्टीला उत्क्रांतीचा नियम लागू पडेल. ती गोष्ट जनुकच असली पाहिजे असं नाही. अशा गोष्टीला त्यांनी रेप्लिकेटर म्हटलं. माणसाच्या संस्कृतीतही असा एक रेप्लिकेटर आहे आणि तो अनुकरणाने एका मेंदूतून दुसऱ्यात जातो, असं त्यांचं म्हणणं. अनुकरणासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी 'मिमीम' केलं आणि 'जीन'शी यमक जुळावं म्हणून ते कापून 'मीम' केलं. उदाहरणं दिली ती गाण्याच्या चाली, कल्पना, कपड्यांच्या फॅशन, मडकी घडवण्याच्या रीती अशी.

ही उदाहरणं वाचताना कुणालाच काही खटकलं नाही. मलाही नाही. पण आता बघा. कल्पना डोक्यात असते. फॅशन अंगावर असते. मडकी घडवण्याची रीत हातात असते. मीम नेमकं यांपैकी कुठे आहे?

हा प्रश्न डॉकिन्सच्याही आधी एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाला पडला होता. एफ. टी. क्लोक यांनी १९७५ साली सुचवलं की, संस्कृतीचे दोन भाग वेगळे ठेवा: डोक्यातल्या सूचना आणि त्या सूचनांनी घडलेली वागणूक किंवा वस्तू. पहिल्याला त्यांनी आय-कल्चर म्हटलं, दुसऱ्याला एम-कल्चर. १९८२ च्या 'द एक्स्टेंडेड फिनोटाइप' या पुस्तकात डॉकिन्सनी आपली चूक मोकळेपणी कबूल केली: पहिल्या पुस्तकात आपण हा फरक पुरेसा स्पष्ट केला नव्हता, मीम म्हणजे मेंदूतली माहिती, आणि चाल, कपडा, मडकं हे तिचे बाहेर दिसणारे परिणाम. शास्त्रज्ञाने अशी छापील कबुली देणं मला फार आवडतं. पण तोवर सहा वर्षं गेली होती आणि शब्द ज्याच्या त्याच्या खिशात जाऊन बसला होता.

पुढची वीस वर्षं हा खिसा तपासण्यातच गेली. १९८१ साली लम्सडेन आणि विल्सन यांनी 'कल्चरजेन' असा आपला वेगळाच शब्द काढला. तो फारसा चालला नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी १९८० साली एक उपयोगी फोड केली होती: ज्याची प्रत निघते तो रेप्लिकेटर, आणि जो बाहेरच्या जगाशी झुंजतो, ज्याच्या यशापयशावर प्रत निघणं अवलंबून असतं, तो इंटरॅक्टर. जीवशास्त्रात ही फोड छान बसते. संस्कृतीत कोण कुठला, यावर मात्र दोन माणसांचं एकमत होईना. विल्यम बेन्झन यांनी तर १९९६ साली सगळा डाव उलटा मांडला: बाहेरच्या, सर्वांना दिसणाऱ्या वस्तू हेच खरं मीम.

१९९७ साली मीमविद्येचं स्वतंत्र नियतकालिक निघालं, 'जर्नल ऑफ मेमेटिक्स'. ते फक्त इंटरनेटवरच निघायचं आणि त्याचं बिऱ्हाड होतं आमच्याच शहरात, मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या एका संशोधन केंद्रात. शाळा सुटल्यावर मी ते संगणक कक्षात बसून वाचायचो. तेव्हा एक पान उघडायला एक चहा होत असे. १९९८ साली डेरेक गॅदरर यांचा लेख आला. त्यांचा मुद्दा सडेतोड होता: डोक्यातलं मीम कुणाला दिसत नाही, मोजता येत नाही, मग त्याच्यावर शास्त्र कसं उभारणार? मीम म्हणजे दिसणारी वागणूक किंवा वस्तू एवढंच धरा. त्यावर बाकीचे तुटून पडले. १९९९ साली सुझन ब्लॅकमोर यांचं 'द मीम मशीन' आलं. त्या म्हणाल्या, कुठे आहे यावर एवढा वेळ घालवू नका, अनुकरणाने जे जे पुढे जातं ते मीम. २००२ साली रॉबर्ट औंगर यांनी नेमकी उलटी व्याख्या केली: मीम म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींची एक विशिष्ट अवस्था, बाहेर काही नाही. एकाच शब्दाचे डोक्यात, हातात, वस्तूत आणि सगळीकडे असे चार पत्ते झाले. पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं?

तुम्ही म्हणाल, शब्दांच्या व्याख्येवरून एवढं काय भांडायचं? काम सुरू करा, व्याख्या होईल मागाहून. हे म्हणणं अगदीच चुकीचं नाही, आणि त्याचा सगळ्यात चांगला पुरावा खुद्द 'जीन' हाच शब्द आहे.

डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन घेवड्याच्या दाण्यांवर प्रयोग करत. एकाच झाडापासून वाढवलेल्या शुद्ध वाणातले दाणेही लहानमोठे असतात. त्यांतला मोठा दाणा पेरला काय नि लहान पेरला काय, पुढच्या पिढीच्या दाण्यांचं सरासरी वजन साधारण तेच येतं, हे त्यांनी १९०३ साली दाखवलं. म्हणजे जे दिसतं ते एक आणि जे वारशाने जातं ते दुसरं. १९०९ साली त्यांनी या दोन गोष्टींना फिनोटाइप आणि जीनोटाइप अशी नावं दिली आणि वारशाच्या घटकासाठी 'जीन' हा छोटासा शब्द काढला. गंमत म्हणजे जीन कशाचा बनलेला आहे, कुठे आहे, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. कुठल्याही तर्काचं ओझं नसलेला शब्द त्यांना हवा होता. डीएनएच्या रेणूची रचना कळली ती १९५३ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी.

तरीही काम अडलं नाही. का? कारण वस्तू कळली नव्हती, पण कसोटी ठरलेली होती. या माशीचे पांढरे डोळे त्या माशीकडून आले की नाही, हे संकर करून, बाटलीतल्या माश्या मोजून सांगता येत होतं. न्यूयॉर्कला मॉर्गन यांनी १९१० साली हेच केलं आणि त्यांचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट याने १९१३ साली अशा मोजण्यांवरून गुणसूत्रावर जनुकं कोणत्या क्रमाने बसली आहेत त्याचा नकाशाच काढला. जनुक कुणी पाहिलं नव्हतं, पण 'हे त्याच्यापासून आलं' या वाक्याचा अर्थ सगळ्यांना एकच होता. मीमवाल्यांकडे नव्हतं ते हे. मी वर्गात मुलांना सांगत असे की व्याख्या म्हणजे शब्दकोशातली ओळ नाही, दोघा अनोळखी माणसांनी तीच गोष्ट मोजली तर उत्तर तेच यावं याची ती सोय आहे.

हा घाव नेमका घातला तो फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ डॅन स्पर्बर यांनी, २००० साली, 'डार्विनायझिंग कल्चर' या लेखसंग्रहात. त्यांनी विचारलं, ब ही अ ची प्रत आहे असं केव्हा म्हणायचं? तीन गोष्टी हव्यात. ब घडायला अ कारण असला पाहिजे. ब हा अ सारखा असला पाहिजे. आणि तिसरी, जी सगळे विसरतात: ब ला अ सारखं करणारी माहिती अ कडूनच आलेली असली पाहिजे. हसण्याचं उदाहरण घ्या. कोणी हसलं की आपल्यालाही हसू येतं. कारणही आहे, साम्यही आहे. पण हसायचं कसं हे आपण त्याच्याकडून शिकलो नाही, ते आपल्यात होतंच. त्याने फक्त बटण दाबलं. म्हणून ती प्रत नव्हे.

आता आमच्या कमिटीच्या बैठकीकडे परत चला. डोंबिवली, नागपूर, बेळगाव आणि मँचेस्टर, चार ठिकाणी तोच 'फळीवर'. मीमवाला लगेच म्हणेल, बघा, किती यशस्वी मीम! कुठेतरी एकदा चूक झाली आणि ती पसरत गेली. पण खरंच तसं झालं का? 'फणिवर' हा शब्द कुठल्याच लहान मुलाला माहीत नसतो. टाळ-झांजांच्या गजरात तो नीट ऐकूही येत नाही. 'फळी' मात्र प्रत्येकाच्या घरी असते. तेव्हा प्रत्येक मूल आपल्या आपणच त्या अनोळखी आवाजाला जवळच्या ओळखीच्या शब्दाकडे ओढून नेतं. ज्या मुलांच्या घरी सगळे अचूक म्हणतात तीही हेच करतात. माझ्या नातीने ते माझ्या तोंडून 'फणिवर' ऐकून केलं आहे! म्हणजे ही चूक एकीकडून दुसरीकडे गेली नाही, ती घरोघरी नव्याने जन्मली. साम्य पूर्ण, प्रत शून्य. असे ओढून घेणारे ओळखीचे अर्थ किंवा आकार यांना स्पर्बर यांनी 'अ‍ॅट्रॅक्टर' म्हटलं आहे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ साली 'रिमेंबरिंग' या ग्रंथात हेच वेगळ्या वाटेने दाखवलं होतं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत गेली तर अनोळखी तपशील गळतात आणि कथा सांगणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसत जाते.

पण जुन्या पुस्तिकेतल्या चुकीची गोष्ट निराळी. ती पाहून ज्यांनी आपल्या घरी झेरॉक्स काढल्या, किंवा दुसऱ्या गावच्या मंडळाने ज्यावरून आपली पुस्तिका टाइप केली, तिथे तो 'फळीवर' खराखुरा प्रत होऊनच गेला. शब्द तोच, चूक तीच, आणि एका ठिकाणी ती वारसा आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. नुसतं 'फळीवर' किती जण म्हणतात हे मोजून हा फरक कधीच कळणार नाही.

मग कळायचा कसा? इथे मला माझं पुणं आठवतं. मी शाळेत असताना लॉ कॉलेज रस्त्याने सायकलवर जायचो, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या समोरून. आत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चालू होतं, १९१९ पासून. ते १९६६ साली पुरं झालं, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि त्या इमारतीत काय चाललं आहे याची मला काडीचीही कल्पना नव्हती. तिथे एकूण १२५९ हस्तलिखितं वापरली गेली. अक्षरागणिक चौकटी आखलेल्या तक्त्यांवर प्रत्येक पोथीतला पाठ उतरवून घेत. १९२५ पासून संपादक असलेले डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत या कामाची पद्धत सविस्तर लिहून ठेवली. ती वाचली मी निवृत्तीनंतर, आणि वाटलं, अरे, मीमवाल्यांना हवं होतं ते हेच तर होतं!

पोथ्यांच्या अभ्यासकांचे शब्द साधे आहेत आणि प्रत्येकाला एकच अर्थ आहे. प्रत म्हणजे हातातली पोथी. पाठ म्हणजे त्या जागी तिच्यात काय लिहिलं आहे ते. पाठभेद म्हणजे दोन प्रतींतला त्या जागेचा फरक. प्रक्षेप म्हणजे मागाहून घातलेला मजकूर. वाचना म्हणजे एका परंपरेत सांभाळला गेलेला मजकूर. महाभारताची उत्तरेची एक, दक्षिणेची एक. एकमेकींशी संबंध नसलेल्या परंपरांतल्या पोथ्या जिथे एकाच पाठावर येतात तिथे तो पाठ जुना असण्याची शक्यता मोठी, हा सुकथनकरांचा मुख्य आधार. आणि चुकांबद्दल पाठचिकित्सेचा नियम तर आमच्या बैठकीसाठीच केल्यासारखा आहे: दोन पोथ्यांत एकच विचित्र, सहजासहजी न होणारी चूक असेल तर त्या एका घराण्यातल्या, पण कुठल्याही लेखनिकाच्या हातून आपोआप होईल अशी चूक दोन्हींत असली तर त्यावरून नातं सांगू नये. 'फळीवर' ही दुसऱ्या जातीची चूक. त्याच पुस्तिकेत एका आरतीचं एक कडवं दोनदा छापलं गेलं होतं. तसंच दोनदा जर लेस्टरच्या किंवा लंडनच्या एखाद्या पुस्तिकेत सापडलं, तर ती आमच्यावरूनच टाइप केलेली आहे हे मी शपथेवर सांगेन.

पोथीवाल्यांचं काम सोपं होतं असं मात्र नाही. एकच लेखनिक दोन पोथ्या समोर ठेवून थोडं इथलं, थोडं तिथलं उतरवून घेई, आणि मग घराण्याचा वृक्ष न राहता जाळं होई. महाभारतात हा गुंता फार आहे आणि सुकथनकरांनी तो लपवलेला नाही. पण अडचण कुठे आहे हे सांगता येण्याइतके शब्द त्यांच्यापाशी होते.

मीमविद्येचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. २००५ साली ते नियतकालिक बंद पडलं. शेवटच्या अंकात त्याचेच एक संस्थापक ब्रूस एडमंड्स यांनी लिहिलं की जनुकाची उपमा ताणण्यापलीकडे या विद्येच्या हाती काही ठोस लागलं नाही. त्याच काळात दुसरी मंडळी मात्र पुढे गेली होती. १९८१ साली कॅव्हली-स्फोर्झा आणि फेल्डमन यांनी, १९८५ साली बॉइड आणि रिचरसन यांनी संस्कृतीच्या वारशाची गणितं मांडली. संस्कृतीचा अणू कोणता या प्रश्नात ते अडकलेच नाहीत. कोण कुणाकडून शिकलं, एवढंच त्यांनी नीट विचारलं. आईबापांकडून मुलांकडे जातं ते उभं संक्रमण, बरोबरीच्यांत फिरतं ते आडवं, आणि काका-मावशी-मास्तर यांच्याकडून येतं ते तिरपं. हे तीन शब्द घेऊन मी आमच्या मंडळाकडे पाहिलं तेव्हा जरा चमकलोच. आम्ही सगळे 'आम्ही मुलांना दिलं' असं म्हणतो. पण लेझीम, नाटुकली, रांगोळी, आरतीचा ताल यातलं बरंचसं तिरपं आलेलं आहे, दुसऱ्याच कुणाच्या मावशीकडून.

आणि 'मीम' हा शब्द? तो मजेत आहे. त्याने विद्यापीठ सोडलं आणि फोनमध्ये घर केलं. २०१३ साली डॉकिन्सनीच सांगितलं की इंटरनेटवरचं मीम म्हणजे आपल्या मूळ कल्पनेचं अपहरण आहे, कारण इथे बदल आपोआप होत नाहीत, माणसं मुद्दाम, डोकं चालवून करतात. पण मला वाटतं फोनवर तरी निदान चित्र पुढे पाठवलं की प्रत निघते, अगदी ठिपक्या-ठिपक्यासकट. बरं आहे की वाईट ते सोडा, प्रत म्हणजे काय याबद्दल तिथे वाद नाही.

ब्लॅकमोर यांची एक फोड मात्र मी सोडायला तयार नाही. त्यांनी म्हटलं, नक्कल दोन तऱ्हांची असते, तयार वस्तूची आणि कृतीच्या सूचनांची. वस्तूची नक्कल करताना प्रत्येक पायरीला चूक साठत जाते. सूचनांची केली तर एकाचा हात बिघडला तरी पुढचा सुधारू शकतो. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत डॉकिन्सनी कागदाच्या घडीच्या होडीचं उदाहरण दिलं आहे: नुसतं चित्र बघून पुढे पुढे काढत गेलं तर वीस मुलांनंतर होडी ओळखू येणार नाही, पण घड्या शिकवल्या तर येईल. आमच्या घरी हे मोदकाला घडलं. माझ्या आईने उकडीची कृती कधी लिहून दिली नाही, "पीठ हाताला कळतं" एवढंच म्हणायची. ती गेल्यावर माझ्या पत्नीने चव आठवून, आकार आठवून मोदक केले. दरवर्षी ते थोडे जाड होत गेले आणि आता त्यांना मोदक म्हणायचं ते प्रेमापोटी. मुलीने मात्र एकदा भारतात आत्याच्या शेजारी पाटावर बसून पाण्याचं प्रमाण, तेलाचा थेंब, बोटांची पाकळी असं सगळं पायरीपायरीने शिकून घेतलं. तिचे पहिले मोदक फाटले. दुसऱ्या वर्षीचे माझ्या आईचे होते.

नवी पुस्तिका निघाली. 'फणिवर' देवनागरीत, खाली एक ओळ अर्थ. दोनदा छापलेलं कडवं काढून टाकलं, त्यावर कुणी काही बोललं नाही. आरतीच्या दिवशी डोंबिवलीच्या काकूंनी पुस्तिका हातात धरून, माझ्याकडे बघत, ठणठणीत आवाजात 'फळीवर' म्हटलं. घरी येताना नातीने गाडीत विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी चुकलात का?" मला कबूल करावं लागलं की त्याच आरतीतल्या 'संकटी'ला मी चांगला चाळिशीपर्यंत 'संकष्टी' म्हणत होतो. "कुणाकडून शिकलात?" वडिलांकडून म्हणावं तर ते संस्कृतचे शिक्षक. आळीतल्या मुलांकडून म्हणावं तर त्यांतलं एकही नाव आता आठवत नाही. बहुधा चतुर्थीला आई संकष्टीचा उपास करायची, त्यावरून माझं मीच केलं असेल.